चार हप्त्यांत

आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं, त्यामुळे कुणाच्या घरात किती तहान आहे हे अख्ख्या बोळाला ठाऊक असतं. म्हणून पाणी येऊन एकच दिवस झालेला असताना शेजारच्या महानंदावहिनी सकाळी दहाला कळशी घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मला आधी रागच आला. काल त्यांचं पिंप काठोकाठ भरलेलं मी स्वतः पाहिलं होतं. भाकरीच्या पिठाला कमी पडलं असेल म्हणून कळशी भरून दिली, तर त्यांनी ती उंबऱ्यावरच तोंडाला लावली आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायला लागल्या. पदर भिजला तरी थांबल्या नाहीत. आमच्या घरचं पाणी त्या नेत, पण आमच्या दारात त्यांनी पाणी प्यायलेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तो त्यांच्या सासूच्या वेळचा नेम होता, आणि त्याचं आम्ही कधी वाईट वाटून घेतलं नाही. तोंड पुसत त्या म्हणाल्या, "लई तहान लागती ओ सर. बरं, पयला हप्ता झाला, दुसरा जेवनावर घेते." मला वाटलं, भिशीचं बोलताहेत. कसला हप्ता म्हणून विचारलं, तर त्या हसल्या, सरांनी आपलंच लिहिलेलं विसरावं याचं त्यांना हसू आलं असणार. "गोळ्यांचा की. तुमीच लिवलंय न्हवं का, चार गोळ्या चार हप्त्यांत. सकाळी एक, जेवनावर एक, चारला च्याबरोबर एक आन निजताना एक. एक दिस बी चुकवला न्हाय." मी कळशी पुन्हा भरून दिली. त्या गेल्या. एप्रिलचं सोलापूर बाहेर तव्यासारखं तापलं होतं आणि माझे पाय मात्र घोट्यापर्यंत गार पडले होते.

मी त्यांना हाक मारायला हवी होती. पाच पावलांवर त्यांचं दार. त्याऐवजी मी आत येऊन लॅपटॉप उघडला, जणू त्यात दुसरं काही लिहिलेलं सापडणार होतं. निवृत्त झाल्यापासून मी भाषांतरं करतो. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला दुसरं येतं तरी काय? गेल्या हिवाळ्यात एका एजन्सीकडून एका ऑनलाइन सूचीचं काम आलं होतं, आहारपूरक गोळ्या आणि पावडरींच्या. ही सूचीवाली मंडळी स्वतः काही विकत नाहीत. कोण काय विकतो ते दाखवतात, मागणी पुढे पाठवतात, आणि एवढं दाखवण्याचे त्यांचे अडतीस नियम आहेत. नियमांच्या खाली चाळीसेक गोळ्यांच्या वापराच्या सूचना. तेही मीच केलं. नियम अकरा, येथील माहिती म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. नियम चोवीस, मागवलेल्या प्रमाणाची जबाबदारी सर्वस्वी ग्राहकाची राहील. नियम एकतीस, भाषांतरात तफावत आढळल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. 'तफावत' हा शब्द सुचला तेव्हा मी उठून स्वतःसाठी चहा केला होता, इतका खूश होतो. आता त्या वाक्याकडे बघवेना. इंग्रजीत आठवडा लिहिलेला होता, म्हणजे सगळे सुटले. कंपनी सुटली, एजन्सी सुटली, मीसुद्धा सुटलो. अडतीस नियमांच्या त्या जाळ्यातून सुटली नव्हती ती फक्त इंग्रजी न येणारी बाई.

खाली सरकत सरकत मी हाडांच्या गोळीशी आलो. डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची कॅप्सूल, पाकिटात चार. 'चार कॅप्सूल चार हप्त्यांत घ्याव्यात.' पुन्हा वाचलं. सगळा मजकूर शोधून पाहिला. सोळा ठिकाणी मी 'आठवडा' लिहिला होता आणि एका ठिकाणी, याच एका ठिकाणी, 'हप्ता'. आमच्या घरात आठवड्याला हप्ता म्हणतात. पहिल्या हप्त्यात ये, दो हप्ते हो गए, असं. पण मराठीत हप्ता म्हणजे तुकडा. एक एक करून द्यायचा, एक एक करून घ्यायचा. वहिनींनी चार गोळ्यांचे चार तुकडे केले आणि एका दिवसात बसवले. त्यांनी मराठी बरोबर वाचलं होतं. चूक लिहिणाऱ्याची होती.

आणि या एका शब्दावरच मी कधी चुकणार नव्हतो. मंगळवेढ्याला आठवीत असताना मी निबंधात लिहिलं होतं, गेल्या हप्त्यात आमच्या घरी पाहुणे आले. गुरुजींनी वही उंच धरून वर्गाला वाचून दाखवलं आणि म्हणाले, हप्त्यानं सायकल घेतात रे, मुलाण्याच्या पोरानं पाहुणे घेतलेत. वर्ग असा हसला की बाहेरून शिपाई डोकावला. गुरुजी वाईट नव्हते, मला मराठीत पुढे आणलं ते त्यांनीच. पण त्या दिवसापासून मी माझी जीभ दोन खोल्यांत राहायला लावली. घरातली आत, बाहेरची बाहेर, मधलं दार बंद. पुढे मराठीचाच शिक्षक झालो. शिक्षकांच्या खोलीत कुणी ना कुणी म्हणायचंच, मुलाणी सर, तुमचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध हो. मी हसून मान लववायचो. ते कौतुक होतं, पण मला ते दरवेळी झडतीसारखं वाटायचं. आज काही सापडलं नाही, जा. सत्तेचाळीस वर्षांत काही सापडलं नव्हतं.

ते दार कधी उघडं राहिलं हेही मला कळलं. हे काम मी दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन पुरं केलं होतं. आत सरदारबी होती, माझी बायको. डॉक्टर बाहेर आले, माझं नाव विचारलं आणि नाव ऐकल्यावर लोक शिरतात तसे हिंदीत शिरून म्हणाले, ये हफ्ता निकल गया तो डर नहीं. सोमवार होता. मी आत गेलो तर ती म्हणाली, "तुम लिखते बैठो जी, मेरे कू कुछ नै होता." म्हणून मी लिहीत बसलो. हफ्ता निकल जाए, हफ्ता निकल जाए, एवढंच डोक्यात, आणि बोटं कॅप्सूल टाइप करत होती. ती गुरुवारी गेली. शुक्रवारी मी काम पाठवून दिलं, कारण मुदत शुक्रवारची होती आणि दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तिच्या दुखण्यातून उडालेला एक शब्द त्या मजकुरात जाऊन बसला, आणि आता वहिनी तो रोज चार वेळा पाण्याबरोबर गिळत होत्या.

पलीकडून थापण्याचा आवाज सुरू झाला. वहिनी कडक भाकरी करून विकतात. शहरातली दोन-तीन हॉटेलं आणि अक्कलकोटची काही दुकानं त्यांच्या भाकरीवर आहेत, यजमान रेवणसिद्धप्पा ती बांधून पोचवतात. पंचवीस वर्षं थापून मनगटं आणि गुडघे गेले. सूची सुरू झाली तेव्हा मीच त्यांना फुशारकीनं दाखवली, हे बघा, मी केलंय. त्यांनी चष्मा लावून एक एक अक्षर वाचलं. पूरक म्हंजे पुरणातलं काय, असं विचारून मला हसवलं. गोळी पसंत पडली तेव्हा नियमांचं पान आलं, आणि खाली चौकोन, मी वरील सर्व नियम वाचले असून ते मला मान्य आहेत. वहिनींनी फोन माझ्या हातात दिला. तुमीच दाबा सर, तुमी लिवलंय म्हंजे बरोबरच असंल. मी दाबलं. दहा पाकिटं. दहाच दिवसांनी त्या पुन्हा आल्या, आणखी वीस मागवायची म्हणून, आणि मी पुन्हा दाबलं. दहा पाकिटं म्हणजे चाळीस आठवडे, ती दहा दिवसांत कशी संपली, हे माझ्या मनात आलं नाही. आलं असेल तर मी त्याला आत येऊ दिलं नाही. बहिणींना वाटत असतील, असं म्हणालो स्वतःशी. ती वीसही आता संपत आली असणार, म्हणजे महिना होत आला. मी भिंतीला टेकून थापा ऐकत राहिलो. थाप, थाप, मग फिरवल्याची पुसट खसखस, मग तव्यावर पाण्याचा चर्र. मध्ये मोठा खंड. पूर्वी असा खंड नसे.

तेव्हाही उठून पलीकडे गेलो असतो तर दुसरी गोळी वाचली असती. मी गेलो नवी पेठेत. आधी नीट माहिती घ्यावी, उगाच घाबरवू नये, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते इतकं समंजस वाटलं की रिक्षात बसेपर्यंत मला ते खरंच वाटत होतं. नवी पेठेत लग्नसराईची गर्दी होती. चादरींचे गठ्ठे डोक्यावरून चाललेले, सोनारांच्या काचांवर ऊन. दर दोन माणसांमागे कुणीतरी मला नमस्कार करत होतं. या शहराचे निम्मे दुकानदार माझ्या हाताखालून गेलेत. एरवी मला याचं बरं वाटतं. त्या दिवशी प्रत्येक नमस्कार अंगावर येत होता. या सगळ्यांना कळेल. मुलाणी सरांनी हप्ता लिहिला. शेवटी त्यांच्यातलंच बोलले हो, असं कुणीतरी हळूच म्हणेल, आणि बाकीचे माना डोलावतील. एक बाई तिकडे विष पचवत बसली होती आणि मला माझ्या मराठीची पडली होती. हे मला दिसत होतं. दिसूनही माझी चाल बदलत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

अभिमन्यूचं औषधांचं दुकान बोळात आत आहे. दहावीला मराठीत त्र्याऐंशी, अजून सांगतो. त्यानं स्टूल पुढे केलं. मी म्हणालो, एका भाषांतरासाठी हवंय, साठ हजारांची गोळी कुणी आठवड्याऐवजी रोज घेतली तर? रोज चार? तो हसला आणि म्हणाला, रोज चार कोण घेतंय सर, वेडा हाय का. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. तहान लई लागती, म्हणाला. पोट साफ होत नाही, मळमळतं, माणूस पेंगतो, बोलण्यात घोटाळा करतो. रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं आणि मग ते मूत्रपिंडावर येतं. किती दिवस झाले? मी म्हणालो, समजा, महिना. त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. "समजा म्हनून सोडू नका सर. कोन हाय ते, त्याला आजच्या आज दवाखान्यात न्या." कोण आहे ते मी सांगितलं नाही. उठताना त्यानं विचारलं, सर, पाणी देऊ का? माझ्या ओठांना पापुद्रे आले होते. मी नको म्हणालो. पाणी या शब्दाचीच मला धास्ती बसली होती.

परतताना रिक्षा एका वरातीमागे अडकली. बँडवाले रस्त्यातच थांबून एक गाणं संपवून दुसरं सुरू करत होते. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. जेवणाची वेळ. आता ताट वाढून घेतलं असेल. आता पाकीट उघडलं असेल. आता तांब्या. मी रिक्षावाल्याला म्हणालो, बाजूनं काढ. तो म्हणाला, कुटनं काढू? फोन करता आला असता. फोन खिशातच होता, आणि त्यांचा नंबर सरदारबीनं जतन केलेला, भाकरीवाली आपा या नावानं. मी तो काढला, नावाकडे पाहिलं आणि परत ठेवला. फोनवर काय म्हणू? घेऊ नका, एवढं दोन शब्दांत झालं असतं. पण त्या विचारणार, का ओ सर? आणि त्या का-चं उत्तर मला द्यावं लागणार. माणसाचा जीव एका बाजूला आणि एक का दुसऱ्या बाजूला, आणि मी रिक्षात बसून का-ला घाबरत होतो. पैसे देऊन उतरलो आणि चालत निघालो, नंतर जमेल तसा धावत. साठीच्या माणसाचं धावणं ते. लोक वळून बघत होते.

बोळात शिरलो आणि थापण्याचा आवाज नव्हता. एरवी जेवण उरकलं की तो पुन्हा सुरू होतोच. आणि जळका वास येत होता, ज्वारी जळल्याचा, कडवट. दार लोटलेलंच होतं. तव्यावर एक भाकरी काळी होऊन धुमसत होती आणि वहिनी काटवटीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातांवर पीठ वाळलेलं, समोर उंडा तडकलेला. मी गॅस बंद केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं की नाही कळेना. "नीरु," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "नीरु कोडु." पाणी द्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कानडीत बोलल्या नव्हत्या. ते त्यांच्या माहेरचं, चुलीपाशीचं बोलणं. बाहेरच्यांसाठी मराठी असते. म्हणजे त्यांचंही मधलं दार होतं, आणि आता ते सताड उघडं पडलं होतं. मी तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. त्या प्यायल्या, थोडं उलटलं, पुन्हा प्यायल्या. पाकीट शेजारीच होतं. दोन खाचा रिकाम्या.

"वहिनी, या गोळ्या घ्यायच्या नाहीत," मी म्हणालो. "माझी चूक झाली. हप्ता म्हणजे आठवडा. चार आठवड्यांत चार घ्यायच्या होत्या. एका आठवड्याला एक." त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, एखादं गणित फळ्यावरून उतरवून घेताना पोरं बघतात तशा. कुठल्या गावी हप्ता म्हणजे आठवडा, असं काहीतरी पुटपुटल्या. आणि मग मी ते म्हणालो, जे मी शाळेत, बाजारात, कुठेच कधी म्हटलं नव्हतं. "आमच्यात. आमच्या घरात असंच म्हणतात." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा पेंग आली. पण त्या विचार करत होत्या. "मग आमाला कदी का न्हाय सांगितलं, सर?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. भिंतीला भिंत लागून असताना एवढीशी गोष्ट ठाऊक नसावी, याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

रेवणसिद्धप्पा भाकरी घेऊन अक्कलकोटला गेले होते. फोन लावला, तर ते म्हणाले, मिळंल त्या गाडीनं निघतो, सर, तवर तुमी हायसा न्हवं? मी आहे म्हणालो. बोळातल्या दोघींनी वहिनींना धरून रिक्षात बसवलं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. किती दिवस, रोज किती, तिनं विचारलं, मी सांगितलं. एवढ्या घ्यायला कुणी सांगितलं, असं ती चिडून म्हणाली, आणि मी म्हणालो, मी लिहिलं होतं. तिनं मान वर केली नाही, लिहून घेतलं. रक्त घेतलं, सलाईन लावली. तासाभरानं कागद घेऊन ती परत आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. आकडा फार वर आहे, मूत्रपिंडावर परिणाम दिसतोय, पाणी चढवत राहायचं आणि बघायचं. मी विचारलं, बऱ्या होतील ना? तिनं माझं नाव विचारलं. आणि मग, ते आलंच, ती हिंदीत वळली, मायेनंच वळली. "एक हफ्ता निकलने दो, चाचा. फिर बता पाएँगे." मी खाटेची कड धरली. त्या दिवशीही सोमवार होता. हे मला तोपर्यंत आठवलं नव्हतं.

नर्सनं एक कागद आणून दिला, नातेवाइकांच्या सहीसाठी. नातेवाईक वाटेत आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, मग पेशंटची घ्या, शुद्धीत आहेत. वहिनींनी डोळे उघडले होते. पाण्यानं थोड्या सावरल्या असाव्यात, मराठी परत आली होती. कागदाकडे न बघताच त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "तुमी वाचलंय न्हवं सर? मग झालं. दावा, सही कुटं करायची ते." मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी विश्वास उडेल. मला तो उडायला हवा होता, म्हणजे ओझं कमी झालं असतं. तो जसाच्या तसा होता, पीठ लागलेल्या हातासकट माझ्यापुढे केलेला. मी म्हणालो, नाही वहिनी, असं नाही. मी एक एक ओळ वाचतो, आणि प्रत्येक ओळीला तुम्ही मला सांगायचं, तुम्हाला काय कळलं ते. त्या वैतागल्या. पन सांगते, म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. निरीक्षणाखाली ठेवणे. म्हंजे नजरेखाली, त्या म्हणाल्या. आवश्यक त्या तपासण्या. रगत घेनार पुन्ना. बरोबर, मी म्हणालो. नर्स दारात उभी राहून घड्याळ बघत होती, बघू दे. चौथ्या ओळीत होतं, किमान सात दिवस. मी ते वाचलं आणि थांबलो. सात दिवस म्हणजे काय समजलात, वहिनी? एवढं बी कळत न्हाय व्हय मला, असं त्यांनी नुसतं डोळ्यांनी म्हटलं आणि सलाईन नसलेला हात वर घेतला. अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. "सोमवार," त्या म्हणाल्या. "मंगळवार. बुधवार." मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. "बेस्तरवार," त्या म्हणाल्या. गुरुवारला त्या नेहमीच बेस्तरवार म्हणतात, मी कधी सुधारलं नाही. सरदारबीचा हफ्ता याच वारावर थांबला होता. अंगठा पुढच्या पेरावर गेला. ओठ हलले. पुढचा वार त्यांना आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सांगेन म्हणून. तो वार माझ्या जिभेवर होता. पण तो त्यांच्याच तोंडून यायला हवा होता. मी कागद धरून वाट बघत राहिलो.